नणंद-भावजय निघाल्या घड्याळं घ्यायला

आमच्या अंबाजोगाईहून नव्या मुंबईला लोक जातात ते नोकरीसाठी, नाहीतर तिकडे नोकरीला लागलेल्या मुलाचा फ्लॅट बघायला. मी आणि माझी नणंद कमलवन्सं गेलो ते जुनी घड्याळं विकत घ्यायला. परत आल्यापासून गल्लीत ज्याला त्याला एकच विचारायचंय, "खरंच एवढे पैसे घड्याळात घातले?" प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून घसा बसला, म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढते.

आधी आमच्याविषयी थोडं. मी घड्याळं दुरुस्त करते. दुकान सासऱ्यांचं. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे यजमान, शाळामास्तर झाले आणि चिमट्याला हात लावायला तयार होईनात. मग सासऱ्यांनी एक दिवस भिंग माझ्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "बघ, काय दिसतंय?" तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी बघतेच आहे. पण सेलची घड्याळं आली आणि चावीची घड्याळं लोक दुकानात टाकून जाऊ लागले, न्यायलाच येईनात. अशात दुबईला असलेल्या माझ्या भाच्याने एक परदेशी मासिक धाडलं. त्यात जुन्या स्विस घड्याळांचे फोटो होते आणि ती लिलावात केवढ्याला गेली त्याचे आकडे. आकडे बघून मला वाटलं छपाईत शून्यं जास्त पडली असतील.

ते मासिक मी कमलवन्संना दाखवलं. वन्सं कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी शब्दकोश मांडीवर घेऊन पंधरा दिवसांत मासिक संपवलं आणि मला म्हणाल्या, "विमल, जग ही घड्याळं जमवतंय आणि आपण ती भंगारात घालतोय. आत्ता घेऊन ठेवू. दहा वर्षं हात लावायचा नाही." त्यांचे निवृत्तीचे पैसे होते, माझा लातूर रस्त्यावरचा एक लहानसा प्लॉट विकला गेला होता. घरचे म्हणाले बँकेत ठेवा. शेजारचे म्हणाले सोनं घ्या. वन्संनी कुणाचं ऐकलं नाही. पाच-सहा चांगली घड्याळं घ्यायची असं ठरवून आम्ही बँकेचा ड्राफ्ट काढला आणि वन्संनी तो पोलक्याच्या आतल्या खिशात टाचणीने पक्का केला.

नेरूळ आणि वाशी

एस.टी.च्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. पनवेल सोडल्यावर हवा अंगाला चिकटायला लागली आणि वन्संनी पदराने मान पुसायला सुरुवात केली, ती चार दिवस पुसतच होत्या.

आम्ही उतरलो शीला वाघमारेकडे, नेरूळला. शीला माझी शाळेतली मैत्रीण. न्हावा शेवा बंदरातला माल सोडवून देणाऱ्या एका एजंटाच्या ऑफिसात ती कारकून आहे. सतरा वर्षं झाली तिला इकडे येऊन. बोलणंही बदललंय. "अगं टेन्शन काय घेतेस, सोसायटीच्या गेटवर सांगून ठेवलंय ना मी!" असं पटापट बोलते. पण मी पिशवीतून घरच्या ज्वारीचं पीठ काढलं तर तिने आधी त्यात नाक खुपसलं. मग परात घेऊन बसली. भाकरी मात्र तशीच थापते, गोल आणि पातळ. तिच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली मी तिला कधीकाळी दुरुस्त करून दिलेलं टेबलघड्याळ चालू होतं. मला फार बरं वाटलं.

नव्या मुंबईचे रस्ते केवढे रुंद! आमच्या गावातली सगळी जत्रा एका चौकात मावेल. पण पत्ता विचारला की माणसं आकडे सांगतात. सेक्टर अमुक, प्लॉट तमुक. वन्सं म्हणाल्या, "ही गावाची नावं आहेत की पाढे?"

वाशीतल्या एका हॉटेलात 'गुंतवणुकीची घड्याळं' अशी विक्री लागल्याचं शीलाने वर्तमानपत्रात पाहिलं होतं. दुपारी आम्ही तिघी तिकडे गेलो. तुर्भ्याच्या नाक्यावर कांद्या-बटाट्याच्या ट्रकांमध्ये आमची रिक्षा अर्धा तास अडकली. शेवटी आम्ही उतरून ट्रकांच्या मधून चालत पलीकडे गेलो आणि दुसरी रिक्षा धरली. त्यात वन्संच्या इस्त्रीच्या साडीला काळं ग्रीस लागलं. तशाच आम्ही त्या थंडगार हॉलमध्ये शिरलो.

निळ्या मखमलीवर घड्याळं मांडलेली. वर छोटे छोटे दिवे. मासिकात पाहिलेली घड्याळं हातभर अंतरावर! टायवाला एक तरुण पुढे आला.

"मॅडम, घड्याळ नका बघू, फ्युचर बघा. हा पीस पाच वर्षांत डबल. लिहून देतो."

त्याने दिलेलं घड्याळ मी हातात घेतलं. सोनेरी, देखणं. पण डायलच्या तळाशी 'स्विस' ही जी बारीक अक्षरं असतात ती थोडी तिरपी होती, जणू कुणी हाताने लिहिलेली. वन्संनी वहीत तीन नियम लिहून आणले होते. डायल मूळचा हवा, आतलं यंत्र त्याच कंपनीचं हवं, आणि उघडून पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. मी पिशवीतून रबरी चेंडू काढला.

"ये क्या है?"

"चेंडू," मी म्हटलं, आणि घड्याळाच्या पाठीवर दाबून फिरवला. आटे असलेलं झाकण चेंडूने सुटतं, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्याला नव्हतं. तो "अहो, अहो!" करेपर्यंत झाकण माझ्या तळहातावर होतं. आत पाहिलं तर आपल्याकडच्या अगदी साध्या घड्याळाचं यंत्र. असली मी आठवड्याला दहा साफ करते. बाहेर स्विस कोट, आत दुसराच माणूस.

"सर्व्हिसिंगमध्ये कंपनीने बदललं असेल," तो म्हणाला.

"कंपनीने?" वन्संनी विचारलं. एवढाच शब्द, पण त्यांच्या शाळेतल्या आवाजात. हॉलमधली चार-पाच माणसं वळून बघायला लागली. एका गृहस्थाने मनगटावर चढवलेलं घड्याळ मुकाट्याने काढून मखमलीवर ठेवलं. टायवाल्याने माझ्या हातातलं घड्याळ ओढून घेतलं, त्या हिसक्यात माझा चेंडू उडाला आणि टणटण करत मखमलीच्या टेबलाखाली गेला. तो सोडून मी जाणार नव्हते. मी खाली वाकून टेबलाखाली शिरले, शीलाने मखमल वर धरली, आणि वन्सं बाहेर उभ्या राहून त्या माणसाकडे बघत राहिल्या. तो सिक्युरिटीला बोलवायला निघाला होता. वन्संची नजर बघून थांबला.

बाहेर आल्यावर शीला हसून हसून बेजार. मला मात्र रडू येत होतं. त्या मखमलीवर आणखी दोन घड्याळं तशीच निघाली असती, मला खात्री होती. एवढ्या लांब येऊन हेच बघायचं असेल तर बँक काय वाईट?

शीला म्हणाली, "थांब जरा. आमच्या ऑफिसात अल्ताफ मुकादम आहे. त्याचे चाचा बोटीवर होते चाळीस वर्षं. घरात जुनी घड्याळं आहेत, कुणी घेतं का, असं मागे एकदा विचारत होता. उद्या जाऊन तर बघ!"

बंदराच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी सकाळी शीलाबरोबर आम्ही न्हावा शेव्याच्या बसमध्ये बसलो. तो रस्ता पाहायलाच हवा. एका बाजूला मिठागरं, चौकोनी आणि चकाकणारी. त्यात बगळे. आणि समोर अचानक डोंगराएवढे लोखंडी डबे, एकावर एक, लाल, निळे, हिरवे. समुद्र त्यांच्यामागे लपून गेलेला. डब्यांवर कुठकुठल्या देशांची नावं. वन्सं खिडकीतून मोठ्याने वाचत होत्या आणि पुढच्या सीटवर बसलेला एक ट्रक-ड्रायव्हर मागे वळून त्यांना सांगत होता, यातून काय येतं, त्यातून काय जातं.

"घड्याळं येतात का?" वन्संनी विचारलं.

"बाई, आख्खी दुनिया येते. पन आपल्याला नुसता डबाच दिसतो."

शीला ऑफिसात उतरली. अल्ताफने आम्हाला गावाचा रस्ता समजावून दिला आणि एका सहा आसनी टमटममध्ये बसवलं. उरणच्या अलीकडे खाडीच्या काठाला ते गाव. शिरताच दोऱ्यांवर बोंबील वाळत घातलेले, जसे आमच्याकडे पापड-कुरडया. वन्संनी पदर नाकाला लावला आणि लगेच काढला, कारण समोर दारात युसूफ मुकादम उभे होते.

सत्तरीचा उंच माणूस. पांढरी दाढी, चौकडीची लुंगी, इस्त्रीचा पांढरा सदरा. बोटीच्या इंजिनखोलीत यंत्रांना तेल घालण्यापासून सुरुवात केलेली. हात इतके मोठे की चहाची बशी त्यात हरवून गेली. आम्ही त्यांना चाचा म्हणायला लागलो. आत त्यांच्या पत्नी जुबेदाचाची सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर करून आम्हाला एकदा नीट पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

चाचांनी दोन घड्याळं आणून ठेवली. एक सेलचं, दुसऱ्याचा सोनेरी मुलामा उडालेला. दोन्हीत काही अर्थ नव्हता. मी ते सांगितलं. चाचांना वाईट वाटलं नाही. ते मोकळेपणाने म्हणाले, "चला, चहा तरी घ्या." आणि चहा संपता संपता आठवल्यासारखं, "आनखी एक हाय. पन ते मेलेलं हाय. धाकटीच्या लग्नात पडलं तवापासून सात वरसं बंद. जुबेदा, ते घड्याळ आन गो."

चाचींनी सूप तसंच आमच्या टेबलाच्या कडेला ठेवलं. आत जाऊन तांदळाचा मोठा डबा उघडला, कोपरापर्यंत हात घातला आणि कापडाची एक पुरचुंडी बाहेर काढली. "खाऱ्या हवेनं लोखंड खाल्लं जातं," त्या म्हणाल्या. "तांदळात ऱ्हातं नीट."

पुरचुंडी सुटली. जाड काचेचं, दोन बटणांचं, पोलादी घड्याळ. डायल जुन्या हस्तिदंतासारखा पिवळसर झालेला, तळाची अक्षरं सरळ आणि केसासारखी बारीक. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते वाचून उद्या कुणी खोटं घड्याळ घेऊन माझ्या दुकानात येईल. मी चेंडू काढला, झाकण फिरवलं, भिंग डोळ्याला लावलं.

"अगं बाई!"

हे माझ्या तोंडून निघून गेलं. मी काही ठरवून बोलले नाही. आत सगळं जागच्या जागी होतं. एकही चाक बदललेलं नाही, एकाही स्क्रूचं डोकं कुणी घासलेलं नाही, पाण्याचा डाग नाही. मासिकाच्या मधल्या पानावर छापलेलं यंत्र माझ्या डोळ्यापुढे होतं, तांदळातून निघालेलं!

"काय देनार मग?" चाचांनी सहज विचारलं. "बंद घड्याळाचं काय, तुमी द्याल ते."

टेबलाखाली वन्संचा पाय माझ्या पायावर आला. जोरात. 'काही नाही हो, जरा गंजलंय, पण घेऊन टाकते' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हे मी इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. एवढं म्हटलं असतं तर प्लॉटच्या पैशांना हातही न लावता मी ते घेऊन आले असते. वाक्य आलं आणि तिथेच अडकलं. मी काही मोठी साधू नाही. पण बावीस वर्षांत असं यंत्र मी पहिल्यांदा बघत होते आणि ते दुसऱ्या कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवत नव्हतं. मी भिंग काढून चाचांच्या डोळ्याला लावलं.

"बघा चाचा. याला गंज म्हणतात का?"

चाचा बघत राहिले. मग चाची उठून आल्या. त्यांनी भिंग धरलं, वाकल्या, आणि खूप वेळाने म्हणाल्या, "येवढं सगलं आत होतं?"

मग मी पिशवीतून मासिक काढलं आणि मधलं पान उघडलं. चाचींनी घड्याळ फोटोशेजारी ठेवलं. "हेच की!" खालचा आकडा वन्संनी त्यांना वाचून दाखवला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तेव्हा वन्संनी माझ्या पायावरचा पाय काढला आणि वर्गात समजावतात तसं समजावलं. हा आकडा परदेशातला. इथे एवढा कुणी देणार नाही, आम्हीही देऊ शकत नाही. पण हे भंगार नाही, आणि वर्षं जातील तशी याची किंमत वाढतच जाणार आहे.

चाचांचे डोळे चमकले. "मग द्या ना काय ठरतंय ते! सौदा करू."

"सौदा तुमी कसा करता?" चाची म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "घड्याळ माझं हाय."

चाचा गोंधळून म्हणाले, "तुजं कसं?"

"इसरलात? काजींनी इचारलं मेहेर काय, तवा तुमच्या हातात काय होतं? मनगटावरचं घड्याळ काढलंत नि ठेवलंत."

मेहेर म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठेव. ती तिचीच, नवऱ्याचा तिच्यावर हक्क नाही. एडनच्या बंदरात सहा महिन्यांच्या पगाराने घेतलेलं ते घड्याळ चाचांनी लग्नात दिलं होतं, कारण दुसरं काही द्यायला नव्हतं. मग सुट्टी संपली की ते बोटीवर जात आणि घड्याळ घरी चाचींपाशी राही. मुलांची शाळा, नमाजाच्या वेळा, भरती-ओहोटी, सगळं त्यावर. चाचा चाळीस वर्षांत हे विसरून गेले होते. त्यांनी लुंगीवर हात पुसले आणि हळूच म्हणाले, "खरं हाय. तिचंच हाय."

चाची माझ्याकडे वळल्या. "आदी चालवून दाखव. मग बोलू."

सुपातला स्क्रू

मी पांढरा रुमाल पसरला. आमची अवजारं म्हणजे चार चिमटे, पाच स्क्रू-ड्रायव्हर आणि देवाचं नाव. भिंगातून पाहिलं तर मोडलेलं काहीच नव्हतं. हेअरस्प्रिंग म्हणून केसाएवढी बारीक गोल स्प्रिंग असते, पडल्यामुळे तिचा एक वेढा शेजारच्या पिनेला अडकला होता. एवढ्याशा कारणाने घड्याळ सात वर्षं झोपलं होतं. पण तो वेढा सोडवायला वरचा एक स्क्रू काढावा लागतो. मी तो काढला, श्वास रोखून वेढा सोडवला. चाक आपोआप हललं! मला ओरडावंसं वाटलं. आता स्क्रू परत बसवायचा, की झालं.

चिमट्यातून तो सटकला. 'टिंग' असा आवाज झाला आणि स्क्रू टेबलाच्या कडेच्या सुपात जाऊन पडला. दीड-दोन शेर तांदूळ. आणि स्क्रू खसखशीच्या दाण्याहून जरासा मोठा.

तो स्क्रू या देशात मिळाला नसता. चाची खाली बसल्या, सूप जमिनीवर घेतलं आणि म्हणाल्या, "बसा. आयुष्यभर हेच तर केलंय."

आम्ही तिघी सुपाभोवती बसलो. बोटाने एक-एक दाणा अलीकडून पलीकडे. चाचांना वाकवत नव्हतं, ते दारात उभं राहून कुणी आत येऊन धक्का मारू नये म्हणून पहारा करत होते. दोनदा शेजारीण डोकावली, तिला त्यांनी बाहेरच्या बाहेर परतवलं. वन्संनी तीन खडे काढले, एक मेलेला किडा काढला. पाऊण तास गेला. माझी पाठ मोडली. मग वन्सं एकदम थांबल्या. बोट जिभेला लावून ओलं केलं, तांदळावर टेकवलं, आणि वर धरलं.

बोटाच्या टोकाला स्क्रू होता.

चाचींनी वन्संना मिठीच मारली. कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकेला आजवर कुणी अशी मिठी मारली नसेल. त्याही हसत सुटल्या, चष्मा सरकून नाकावर आला तरी हसतच होत्या.

स्क्रू बसला. मी चावी दिली. सात वर्षांनी ते घड्याळ बोलायला लागलं, बारीक, सलग, घाईने. बटण दाबलं तसा सेकंदाचा लांब काटा निघाला आणि डायलवरून फिरत गेला. पुन्हा दाबलं, थांबला. चाचांनी तोंड फिरवलं. लग्नाआधी बोटीवर इंजिनाचे फेरे ते याच काट्यावर मोजत असत.

चाचींनी घड्याळ कानाला लावलं आणि डोळे मिटून बसल्या. मी मनातून समजले, आता ही बाई ते देणार नाही. मी असते तर दिलं नसतं. मी म्हटलं, "चाची, ठेवायचं असेल तर ठेवा. दहा वर्षं थांबलात तर दुप्पट-तिप्पट मिळतील. आम्हीसुद्धा थांबायलाच घेतोय."

"दहा वरसं तुझ्याकडं हायत," चाची म्हणाल्या. "माझ्याकडं हायत का, कोनाला ठाव? मला हजला जायचं हाय."

चाचा वळले. "मला कदी बोलली नाहीस!"

"तुमी होतात कुठं ऐकायला? दुनिया फिरून यायचात नि झोपायचात. मी पनवेलच्या पलीकडं न्हाई गेले. तुमचे पैसे पोरांवर गेले, घरावर गेले, बरोबर हाय ते. हे माझं हाय. मी माझ्या मेहेरावर जाईन. तुमाला बी नेईन." थोडं थांबून म्हणाल्या, "पन इमानात बसून. बोटीचं नाव काढायचं न्हाई."

चाचा आत गेले आणि सगळ्यांसाठी पाणी घेऊन आले.

चाचींना हजचा खर्च तोंडपाठ होता. हजला जाऊन आलेल्या कुणाकुणाला विचारून त्यांनी तो कधीच जमवून ठेवला होता. दोघांचं जाणं-येणं, राहणं. वन्संनी ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या ड्राफ्टच्या अगदी काठाला येत होतं. म्हणजे पाच-सहा घड्याळं नाहीत, एकच. सगळी पुंजी एका घड्याळात.

"विमल, आतून बाहेरून पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग सहा संशयाची घेण्यापेक्षा हे एक घे."

"आनि दोन सुटकेसी," चाची म्हणाल्या. "चाकांच्या."

"एक," वन्सं म्हणाल्या.

"मानसं दोन, सुटकेसी दोन."

"बरं, दोन. पण लहान."

"एक लहान, एक मोठी."

वन्संनी हात पुढे केला. दोघींनी हातावर हात मारला आणि सौदा झाला. मग जेवणं. मला जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आम्ही दुष्काळी भागातली माणसं, मासा म्हणजे आमच्याकडे तळ्यातला, काट्याचा. जिताडा जिभेवर लोण्यासारखा विरघळतो. मी दोनदा मागून घेतला. वन्सं मासे खात नाहीत, म्हणून चाचींनी त्यांना घावनं केली, नारळाच्या दुधात गूळ-वेलची घालून. वन्संनी चार खाल्ली आणि कृती वहीत लिहून घेतली, तीन नियमांच्या खाली.

उरण

तिसऱ्या दिवशी ड्राफ्टचं काम वाशीच्या बँकेत उरकून, सुटकेसी घेऊन आम्ही दुपारी उरणला पोचलो. ठरल्याप्रमाणे चाचा-चाची बाजारात उभे होते. चाचींनी सुटकेसींची चाकं भर रस्त्यात फिरवून पाहिली. तिथल्या बँकेत पैसे चाचींच्या खात्यात भरले आणि बँकेच्या ओट्यावर त्यांनी पुरचुंडी माझ्या हातात दिली. मला वाटलं होतं त्या रडतील. नाही. त्यांना घाई होती.

"आता फोटो," त्या म्हणाल्या. "पासपोर्टाला लागतो."

फोटोस्टुडिओ जिन्यावर होता. मागे निळा पडदा, पुढे स्टूल. चाची त्यावर ताठ बसल्या. वन्संनी त्यांच्या डोक्यावरचा पदर नीट केला, कान दिसले पाहिजेत म्हणून जरा मागे घेतला. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाला, "चाची, हसू नका. सरकारी फोटो हाय."

चाचींनी ओठ मिटले. दिवा चमकायच्या आत पुन्हा हसल्या.

"चाची, परत. तोंड बंद."

"बंद केलं की." आणि पुन्हा तेच. चाचा कोपऱ्यातून म्हणाले, "जुबेदा, गो, वाईट काईतरी आठव!" त्यावर तर त्या खदखदून हसायलाच लागल्या. वन्सं शाळेतला आवाज काढून "शांत!" म्हणाल्या, आणि स्वतःच पदर तोंडाला लावून पाठमोऱ्या झाल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तीन वेळा झालं. चौथ्यांदा चाचींनी खूप कष्टाने ओठ आवळून धरले, गाल फुगले, नाकपुड्या थरथरत राहिल्या. दिवा चमकला.

फोटोवाला म्हणाला, "डोळे हसतायत अजून."

मग कॅमेऱ्यावरून हात काढून तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. डोळ्यांचं काय लिवलेलं नाय त्या फॉर्मात."